बालकांचे विकृतिशास्त्र : पडद्याआडच्या डॉक्टरांचे शिक्षण

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



झाशी हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा तट, घोड्यावरची राणी आणि तिच्या पाठीशी बांधलेले बालक उभे राहते. ते बालक दत्तक होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दत्तक का घ्यावे लागले, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. १८५१ मध्ये गंगाधरराव नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई यांना पुत्र झाला आणि अवघ्या चार महिन्यांत तो दगावला. पुढे २० नोव्हेंबर १८५३ रोजी अंथरुणाला खिळलेल्या गंगाधररावांनी आप्तांपैकी आनंदराव या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. डलहौसीच्या सरकारने ते दत्तकविधान नामंजूर केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. पुढचा इतिहास सर्वांस पाठ आहे.

एका तान्ह्या जिवाच्या मृत्यूने एका संस्थानाचे भवितव्य बदलले. परंतु तो जीव कोणत्या रोगाने गेला, हे शोधण्याचे साधन त्या काळी राजवाड्यातही नव्हते. ताप, दृष्ट आणि दैव या तीन शब्दांत बालमृत्यूची सारी कारणमीमांसा संपत असे. योगायोग असा की, ज्या १८५८ साली ग्वाल्हेरला राणीने देह ठेवला, त्याच साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांचा पेशींच्या विकृतीवरील व्याख्यानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग हा शरीरातील रसांचा किंवा ग्रहांचा खेळ नसून तो पेशीत घडतो आणि म्हणून तो पाहता येतो, हा विचार त्या ग्रंथाने दृढ केला. आज ज्याला विकृतिशास्त्र अथवा पॅथॉलॉजी म्हणतात, त्याची आधुनिक बैठक ही.

मराठी घरातल्या आणखी एका बालकाची आठवण येथे करावयास हवी. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत तो गेला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय जन्मला, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. झाशीच्या बालकाच्या मृत्यूतून युद्ध उभे राहिले, आनंदीबाईंच्या बालकाच्या मृत्यूतून शिक्षण. दुसरा मार्ग अधिक लांबचा आहे. तो एका पिढीत संपत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याच मार्गावरचा एक दूरचा टप्पा आहे : बालकांच्या विकृतिशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळवणारे डॉक्टर कसे घडतात आणि ते का घडायला हवेत.

हे डॉक्टर पालकांना सहसा दिसत नाहीत. मुलाला तपासणारे बालरोगतज्ज्ञ दिसतात, शस्त्रक्रिया करणारे सर्जन दिसतात. परंतु पोटातली गाठ कोणत्या जातीची आहे, यकृत का कडक झाले, आतडे का हालत नाही, या प्रश्नांचे उत्तर बहुधा तिसऱ्याच खोलीत मिळते. शरीरातून काढलेला लहानसा तुकडा तेथे फॉर्मालिनमध्ये मुरवतात, पाणी काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, आणि मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ काप घेऊन काचपट्टीवर पसरतात. जांभळ्या-गुलाबी रंगांनी तो रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची वस्ती दिसू लागते. ती वस्ती वाचणे हेच विकृतितज्ज्ञाचे काम. त्यांनी लिहिलेल्या दोन-चार ओळींवर पुढचे सारे उपचार उभे राहतात.

भारतात या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये एक नाव मराठी भाषकांना जवळचे आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १८९५ मध्ये जन्मलेले, गोमंतकीय घराण्यातले. लंडनला शिकून ते मुंबईस परतले, वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले आणि १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रोगी तपासणाऱ्या डॉक्टराला जी कीर्ती सहज मिळते, ती प्रयोगशाळेतल्या माणसालाही मिळू शकते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले. त्यांच्या पिढीत एकच विकृतितज्ज्ञ सर्व अवयवांच्या आणि सर्व वयांच्या काचपट्ट्या वाचत असे. ज्ञान वाढत गेले तशा शाखा फुटल्या. बालकांचे विकृतिशास्त्र ही त्यांपैकी एक.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. पेशी ती पेशी. मग मुलांसाठी वेगळा तज्ज्ञ कशाला? याचे उत्तर एका जुन्या आणि फार महाग पडलेल्या चुकीत आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते आणि वय वाढते तशी आक्रसत जाते. दीर्घ आजाराने किंवा उपासमारीने खंगलेल्या शरीरातही ती लहान होते. पूर्वी शवविच्छेदनासाठी येणारे देह बहुधा अशाच दुबळ्या माणसांचे असत, त्यामुळे लहान थायमस हीच स्वाभाविक स्थिती असा समज रूढ झाला. मग एखादे गुटगुटीत बाळ एकाएकी दगावले आणि त्याची थायमस मोठी आढळली, की तिनेच श्वास कोंडला, असा निष्कर्ष निघे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत या समजुतीपायी असंख्य निरोगी बालकांच्या छातीवर ती ग्रंथी लहान करण्यासाठी क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. त्यांपैकी काहींना पुढे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. १९५० मध्ये हा संबंध प्रथम नोंदला गेला. ग्रंथीत रोग नव्हताच. बालकाच्या शरीराची स्वाभाविक अवस्था कोणती, हे ठाऊक नसणे हाच खरा दोष होता.

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य बालवैद्यकात वारंवार उच्चारले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ते शब्दशः खरे ठरते. गर्भाच्या यकृतात रक्तपेशी तयार होत असतात; प्रौढाच्या यकृतात त्या तशा दिसल्या तर काळजीचे कारण असते. मुलांच्या मूत्रपिंडातली विल्म्स ट्यूमर ही गाठ अर्धवट घडलेल्या भ्रूणाच्या मूत्रपिंडासारखी दिसते. मज्जासंस्थेशी निगडित न्यूरोब्लास्टोमा ही गाठ एक वर्षाच्या आतल्या काही बालकांत पसरलेली असूनही आपोआप विरून जाते. पहिल्या गाठीत पेशींचे स्वरूप सौम्य की उग्र, यावर औषधांची मात्रा ठरते. दुसरीत काही वेळा हात आवरून वाट पाहणे हाच शहाणपणाचा उपचार असतो. त्यातच मुलांच्या कित्येक कर्करोगांत पेशी सारख्याच दिसतात : लहान, गोल आणि निळसर. केवळ डोळ्यांवर विसंबून त्यांची जात सांगता येत नाही. प्रथिनांच्या खुणा दाखवणारे विशेष रंग आणि गुणसूत्रांच्या चाचण्या लागतात. कोणती चाचणी कधी मागवायची हे कळण्यासाठी असे रुग्ण पुष्कळ पाहिलेले असावे लागतात.

आता एक उदाहरण आपल्या घरातले, स्वयंपाकघरातले.

ज्या पालकांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना लहान मुलांचे ‘लिव्हर वाढणे’ हा शब्दप्रयोग आठवत असेल. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे हाताला लागे, कावीळ होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत जात. एकाच घरात एकामागून एक भावंडे जात, म्हणून घराण्याला दोष दिला जाई. बहुधा आईच्या कुशीला. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाला भारतीय बालयकृतकाठिण्य असे नाव मिळाले, कारण तो मुख्यतः याच देशात आढळे.

उकल सुरू झाली ती काचपट्टीवर. ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने या मुलांच्या यकृताचे काप रंगवले असता पेशींमध्ये गडद तपकिरी कण भरलेले दिसले. हे कण तांब्याशी बांधल्या गेलेल्या प्रथिनाचे होते. १९७८ आणि १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याविषयीचे लेख प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दुसऱ्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. एन. सी. नायक यांच्यासारखे भारतीय विकृतितज्ज्ञ सहभागी होते. यकृतात तांबे साठले आहे, एवढे सूक्ष्मदर्शकाने सांगितले. ते आले कोठून, हा प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आत जाऊनच सोडवावा लागणार होता.

ते काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात झाले. डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे या बालरोगतज्ज्ञांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या साहाय्याने आजारी मुलांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवले? किती वेळ त्यात ठेवले? १९८३ मध्ये त्यांचा पहिला लेख आला. आजारी मुले आणि त्यांच्या जोडीला निवडलेली इतर मुले यांच्या आहाराची तुलना करणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. धागा सापडला : आजारी मुलांना गायी-म्हशीचे दूध लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळी भांड्यात तापवलेले व साठवलेले असण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. पितळेत तांबे असते. दुधातील केसिन हे प्रथिन त्या तांब्याला चिकटून बसते आणि बाळाच्या पोटात घेऊन जाते. नवजात बालकाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा अधिक असतो. त्यात ही भर पडे.

येथे आपल्या वाडवडिलांची एक रीत आठवते. पितळेच्या भांड्यांना वर्षा-दोन वर्षांनी कल्हई करून घेण्याची पद्धत होती. कल्हईवाला अंगणात भाता लावून बसे, नवसागराचा धूर उठे आणि कथलाचा पांढरा लेप भांड्याच्या आतून फिरे. तो लेप शाबूत असेपर्यंत दूध पितळेला स्पर्श करीत नसे. लेप झिजला, कल्हईचा खर्च पुढे ढकलला गेला किंवा ती रीत सुटली, की तेच मायेचे पातेले बाळाला बाधू लागे. ज्या आईने किंवा आजीने दूध नीट उकळून स्वच्छ पितळेत झाकून ठेवले, तिच्या काळजीत उणीव नव्हती. कुशीलाही दोष नव्हता. वर्षानुवर्षे ज्या स्त्रियांनी मनातल्या मनात स्वतःला अपराधी मानले, त्यांची सुटका एका काचपट्टीने केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील भागही तितकाच महत्त्वाचा आहे. पेनिसिलामाइन हे तांबे बांधून लघवीवाटे बाहेर टाकणारे औषध वेळेवर दिले असता काही मुले वाचू लागली. पुणे जिल्ह्यात दुधाची पितळी भांडी बदलण्याचा प्रचार झाला, घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि एकेकाळी घरोघर माहीत असलेला हा रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तांब्याच्या जोडीला काही मुलांची उपजत दुर्बलताही कारणीभूत असावी का, यावर शास्त्रज्ञांत चर्चा होत राहिली. परंतु १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील टिरोल भागातून आलेल्या वृत्तांताने पुण्याच्या निष्कर्षाला बळकटी दिली. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ बालके दगावल्याची नोंद निघाली. तेथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळले जाई आणि भांडी बदलताच रोग नाहीसा झाला. आल्प्सच्या डोंगरातली आई आणि पुणे जिल्ह्यातली आई एकाच न दिसणाऱ्या शत्रूशी लढत होत्या. जाता जाता एक व्यावहारिक सूचना : तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत, त्यांत दूध, ताक किंवा आंबट पदार्थ, आणि विशेषतः बाळाचे दूध, कल्हईवाचून कधीही ठेवू नये.

जगाच्या इतर भागांतही असेच घडले आहे. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात डोरोथी अँडरसन या विकृतितज्ज्ञ होत्या. स्त्री म्हणून शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाचे दार त्यांना बंद झाले होते. त्या प्रयोगशाळेकडे वळल्या. पोटाच्या एका परिचित विकाराने गेले असे सांगितलेल्या बालकाच्या शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंडात निराळेच बदल दिसले. त्यांनी जुन्या नोंदी पालथ्या घातल्या, तशी इतर बालके शोधली आणि १९३८ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा स्वतंत्र रोग म्हणून जगापुढे ठेवला. बोस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मुलांची शवविच्छेदने करता करता औषधाचा ध्यास घेतला. भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे नेतृत्व करीत होते, तेथून त्यांना अमिनॉप्टेरिन हे औषध मिळाले. १९४८ मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. पण बालकांच्या कर्करोगावरील औषधोपचाराचा आरंभ तेथे झाला.

आता प्रशिक्षणाकडे वळू. आपल्या देशात एम.बी.बी.एस.साठी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात. नंतर स्पर्धा परीक्षा देऊन एम.डी. पॅथॉलॉजीची तीन वर्षे. या तीन वर्षांत विद्यार्थी रक्त, लघवी, जंतू, गाठी, शवविच्छेदन असे सारे शिकतो. त्यातला मोठा भाग प्रौढांच्या रोगांचा असतो, कारण सर्वसाधारण रुग्णालयात येणारे नमुनेच तसे असतात. मुलांच्या दुर्मीळ गाठीचा एखादा नमुना वर्षातून एकदा पाहणाऱ्याला तिची ओळख पटावी तरी कशी? म्हणून एम.डी.नंतर, जेथे मुलांचे नमुने रोज येतात अशा ठिकाणी, केवळ तेवढेच काम करण्याचा काळ हवा. त्यालाच फेलोशिप म्हणतात. अमेरिकेत ही फेलोशिप एक वर्षाची असते आणि १९९० पासून तिच्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र-परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये बालक आणि नवजात यांचे विकृतिशास्त्र ही वेगळी शाखा म्हणूनच मान्य आहे. आपल्याकडे १९२९ मध्ये सुरू झालेले मुंबईचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय किंवा चंदिगडची स्नातकोत्तर वैद्यकीय संस्था यांसारख्या ठिकाणी मुलांचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. या विद्येचे खरे पाठ अशाच ठिकाणी मिळतात.

हे शिक्षण ग्रंथांतून थोडे आणि शेजारी बसून अधिक होते. दोन किंवा अधिक जणांना एकच काचपट्टी एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक असतो. गुरू एका बाजूला, शिष्य दुसऱ्या बाजूला. शिष्याने आधी आपले मत सांगायचे, मग गुरूंनी ते तपासायचे. संगीताच्या शिकवणीत जसा एकच पलटा शंभरदा घोटून घेतात, तसाच हा अभ्यास. त्यात शिकायचे असते ते असे : नवजात बालकाला दोन दिवसांत पहिली शी झाली नाही आणि पोट फुगले, तर आतड्याच्या भिंतीत गँग्लियन या मज्जापेशी आहेत का हे पाहणे. कोपनहेगनच्या हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या या विकारात आतड्याच्या खालच्या भागात त्या पेशी नसतात. सर्जन शस्त्रक्रिया करीत असताना तुकडे पाठवतो. विकृतितज्ज्ञ ते गोठवून, कापून काही मिनिटांत सांगतो की येथे पेशी आहेत किंवा नाहीत. त्या उत्तरावर आतडे कोठे जोडायचे ते ठरते. चूक झाली तर बाळाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. दुसरे उदाहरण कावीळ न उतरणाऱ्या तान्ह्या बाळाचे. शी पांढुरकी होत असेल तर पित्तनलिका बंद असण्याची शंका येते. जपानच्या कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया साधारणपणे दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक. यकृताच्या तुकड्याचे निदान एक महिना लांबले, तर त्या आशेला ओहोटी लागते.

या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग तंत्राचा नाही. तो जन्मण्यापूर्वी किंवा जन्मताच गेलेल्या बालकाच्या तपासणीचा आहे. आपल्या समाजात लहान बाळाला अग्नी देत नाहीत. त्याला मातीच्या कुशीत ठेवतात. त्या इवल्या देहाला कोणी हात लावू नये, असे आईवडिलांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. रोगाचे कारण शोधण्यासाठी केलेले शवविच्छेदन त्यांच्या संमतीवाचून होत नाही, आणि नाही म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तरीही काही वेळा त्यातूनच पुढच्या बाळाच्या रक्षणाची वाट निघते : विकार आनुवंशिक होता की जंतूंचा, पुन्हा होण्याचा धोका किती, पुढच्या गरोदरपणात कोणती तपासणी लागेल. अलीकडे संपूर्ण विच्छेदनाऐवजी केवळ सुईने अवयवांचे नमुने घेण्याची पद्धतही विकसित झाली आहे. अनेकदा बाळाच्या देहाला हात न लावता केवळ वार तपासूनही पुष्कळ कळते. सुईणींच्या हातून पिढ्यानपिढ्या पुरली गेलेली ती वार म्हणजे नऊ महिन्यांची दैनंदिनी असते. विकृतितज्ज्ञाला ती वाचता यावी लागते आणि वाचलेले आईला सांगण्याजोगी भाषाही यावी लागते.

झाशीत १९६८ मध्ये महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. बुंदेलखंडातल्या, उत्तर आणि मध्य प्रदेशांतल्या कित्येक गावांची मुले तेथे येतात. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तेथील नवजात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या रात्री दहा नवजात बालके गेली. त्या मृत्यूंचे कारण कोणत्याही काचपट्टीवर शोधायचे नव्हते. विज्ञान कितीही सूक्ष्म झाले तरी इमारत, तारा, दरवाजे आणि माणसांची दक्षता यांची जागा ते घेऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ. मात्र दोन्ही ठिकाणी मूळ वृत्ती एकच लागते : बालक गेले तर का गेले हे विचारायचे, उत्तर लिहून ठेवायचे आणि पुढचे बालक त्यातून वाचवायचे. ‘नशीब’ म्हणून वही मिटणे सर्वांत सोपे असते.

विकृतिशास्त्राचा विभाग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असतो. बालकांचे तज्ज्ञ विकृतितज्ज्ञ मात्र मोजक्या महानगरांत एकवटलेले दिसतात. या शाखेकडे वळणारे तरुण थोडे. रुग्णाची कृतज्ञता थेट मिळत नाही, स्वतंत्र दवाखान्याची कमाई नाही आणि पदेही कमी. म्हणून लहान शहरातल्या मुलाचा नमुना बहुधा सर्वसाधारण विकृतितज्ज्ञांपुढे येतो. ते मनःपूर्वक काम करतात; अवघड वाटले तर मेणाचा ठोकळा किंवा काचपट्टी मोठ्या केंद्राकडे पाठवतात. आता काचपट्टीचे संपूर्ण चित्र संगणकावर घेऊन दूरच्या तज्ज्ञाला दाखवता येते. झाशीहून दिल्ली चारशे किलोमीटर आहे. चित्राला ते अंतर काही क्षणांचे. परंतु त्या टोकाला पाहणारा प्रशिक्षित डोळा असेल तरच यंत्राचा उपयोग. तो डोळा एका वर्षाच्या फेलोशिपने घडू लागतो आणि आयुष्यभर घडत राहतो.

पालकांसाठी यातून चार गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मुलाच्या शरीरातून काढलेली गाठ किंवा तुकडा तपासणीवाचून टाकून दिला जाऊ नये. तपासणीचा लेखी अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. दुसरे मत घ्यायचे असेल तर केवळ कागद नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही न्यावे लागतात आणि ते रुग्णालयाकडून रीतसर मागता येतात. बाळ फार लवकर जन्मले, जन्मताच अत्यवस्थ झाले किंवा मृत जन्मले, तर वार तपासता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रसूतीच्या धांदलीत तो प्रश्न विचारण्याचे भान घरातल्या एखाद्याने ठेवले तरी पुरे.

आणि आता शाळेविषयी. साठ वर्षांत या शाळेतून डॉक्टर झाले, अभियंते झाले, शिक्षक आणि शेतकरीही झाले. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला विज्ञानाच्या उंच पायऱ्या जड जातात, ही भीती आजही काही पालकांच्या मनात असते. पण या विद्येचे भांडवल पाहा : निरखून पाहणे, दिसले तेवढेच लिहिणे, नसलेले न लिहिणे आणि कळेल अशा शब्दांत सांगणे. वनस्पतीच्या पानाची आकृती रेखताना, निबंध लिहिताना, प्रयोगवहीत निरीक्षण नोंदवताना हे भांडवल शाळेच्याच बाकावर जमते, आणि मातृभाषेत ते अधिक लवकर जमते. इंग्रजी संज्ञा नंतर शिकता येतात. शिवाय पुण्यातल्या त्या घरांत जाऊन “बाळाचे दूध कशात तापवता?” हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा उत्तर देणाऱ्या आईची भाषा कोणती होती, हेही विसरू नये. सूक्ष्मदर्शकाने दाखवलेल्या कणांचा उगम कल्हई उडालेल्या पातेल्यापर्यंत पोचला, तो अशा साध्या प्रश्नांच्या आधाराने.

उद्या या शाळेतला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी डॉक्टर होऊन एका शांत खोलीत काचपट्टीसमोर बसेल. त्याचे नाव त्या मुलाच्या पालकांना बहुधा कळणारही नाही. अहवालाखाली केवळ सही असेल. ती सही अचूक असावी, यासाठी लागणारी वर्षे त्याला मिळावीत, घरच्यांनी त्या वर्षांचा धीर धरावा आणि समाजाने त्या कामाचे मोल जाणावे, एवढीच या मंगल प्रसंगी सर्वांकडून अपेक्षा.